गच्चीचा विचार पायापासून

रुग्णालयाच्या माथ्यावर हेलिकॉप्टर उतरवण्यासाठी केलेल्या जागेला सर्रास हेलिपॅड म्हटले जाते. नेमके बोलायचे तर हेलिपॅड म्हणजे उतरण्यापुरती फरशी. हेलिपोर्टचा पसारा त्याहून मोठा असतो. फरशीभोवतीची मोकळी सुरक्षापट्टी, हेलिकॉप्टरच्या येण्याजाण्याच्या हवाई वाटा, दिवे, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा, आग विझवण्याची यंत्रणा, रुग्णाला खाली नेणारी लिफ्ट आणि हे सगळे चालवणारी शिकवून तयार केलेली माणसे, हे सारे त्यात येते. गच्चीवर रंगाने ‘एच’ काढायला एक दुपार पुरते. हेलिपोर्ट मात्र इमारतीच्या पहिल्या नकाशातच असावा लागतो, कारण त्याचा भार पेलणारे कॉलम पायातून वर येतात आणि त्याची लिफ्ट तळमजल्यावरच्या अपघात विभागापासून निघते. बांधकामात सर्वांत शेवटी दिसणारी ही गोष्ट ठरवावी लागते सर्वांत आधी.

धनज ते नागपूर: वेळेचा हिशेब

धनज बुद्रुक हे वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले गाव. अमरावतीहून कारंज्याकडे येताना ते लागते. याच तालुक्यातून मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. पहिला टप्पा सुरू झाला त्याच दिवशी नागपुरात मिहान परिसरातल्या एम्सचे लोकार्पण झाले. ताशी १२० किलोमीटर वेगमर्यादेचा रस्ता आणि मोठे रुग्णालय एकाच दिवशी विदर्भाच्या पदरात पडले. त्या दोहोंमधले अंतर किती वेळात कापायचे, हा प्रश्न त्यानंतरचा.

गंभीर जखमीच्या बाबतीत ‘सोनेरी तास’ हा शब्द रूढ केला तो अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक आर. अ‍ॅडम्स कौली यांनी. तास म्हणजे बरोबर साठ मिनिटे असे नाही. आत होणारा रक्तस्राव थांबवायला, श्वास मोकळा करायला आणि मेंदूवरचा दाब उतरवायला लागणारे हात व साधने रुग्णाला जितक्या लवकर मिळतील तितके बरे, एवढाच त्याचा अर्थ. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ वाहनांनिशी सुरू झाली, ती याच विचारातून.

धनजचे तालुक्याचे ठिकाण असलेल्या कारंज्याहून नागपूरचे सरळ रेषेतले अंतर साधारण १८० किलोमीटर भरते. ताशी २४० किलोमीटर वेगाचे हेलिकॉप्टर ते पाऊण तासात कापते. रस्त्याने रुग्णवाहिकेला दोन-अडीच तास लागतात. हे आकडे शेजारी ठेवले की हेलिकॉप्टरची सरशी उघड दिसते. पण हिशेब इथे संपत नाही. हेलिकॉप्टर नागपुरात उभे असेल तर त्याला आधी रिकामे यावे लागते. पाऊण तास यायला, पाऊण तास जायला, इंजिन सुरू करून निघायला दहा मिनिटे आणि रुग्णाला चढवायला पंधरा मिनिटे धरली तरी आकडा दोन तासांच्या जवळ जाऊन पोचतो. त्यानंतर ते विमानतळावर उतरले, तिथे रुग्ण दुसऱ्या रुग्णवाहिकेत हलवला आणि शहराच्या रहदारीतून रुग्णालय गाठले, तर हेलिकॉप्टरने कमावलेला बहुतेक वेळ त्या शेवटच्या काही किलोमीटरांत खर्ची पडतो.

रुग्णालयाच्या माथ्यावरचा हेलिपोर्ट नेमका हाच शेवटचा टप्पा वाचवतो. गडचिरोलीच्या जंगलात चकमकीत जखमी झालेल्या जवानांना हेलिकॉप्टरने नागपूरला आणले जाते, हे विदर्भाला वर्षानुवर्षे ठाऊक आहे. जखमी माणूस जंगलातून हवेत उचलला जातो ते मिनिटे वाचवण्यासाठी. ती मिनिटे शहराच्या सिग्नलवर सांडू नयेत म्हणून उतरण्याची जागा शस्त्रक्रियागृहाजवळ हवी. हिशेबाची दुसरी शिकवणही तितकीच महत्त्वाची आहे. हेलिकॉप्टर नागपूरऐवजी अमरावती किंवा अकोल्याला उभे असेल, तर रिकाम्या फेरीचा वेळ निम्म्याहून कमी होतो. गच्ची आणि हेलिकॉप्टरचा तळ या दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

रणांगणातून रुग्णालयाकडे

हेलिकॉप्टरने जखमी माणूस बाहेर काढण्याचा पहिला प्रयोग एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशातल्या युद्धात झाला. १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धात छोट्या बेल-४७ हेलिकॉप्टरच्या बाजूंना स्ट्रेचर बांधून हजारो जखमी फिरत्या शस्त्रक्रिया केंद्रांत पोचवले गेले. नागरी सेवा १९७० मध्ये आकाराला आली. त्या वर्षी मार्चमध्ये मेरिलँड राज्याच्या पोलिसांनी आणि नोव्हेंबरमध्ये म्युनिकमध्ये ‘क्रिस्टोफ १’ या हेलिकॉप्टरने काम सुरू केले. जर्मनीने पुढे रुग्णालयांच्या आवारातच हेलिकॉप्टर ठेवण्याची पद्धत देशभर रुजवली. लंडनमध्ये व्हाइटचॅपेलच्या रॉयल लंडन रुग्णालयाचा हेलिपोर्ट सतराव्या मजल्यावर आहे. तिथून रुग्ण थेट लिफ्टने अपघात विभागात उतरतो.

भारतात एम्स ऋषिकेशची ‘संजीवनी’ हेलिकॉप्टर सेवा २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. मध्य प्रदेशानेही त्याच वर्षी ‘पीएम श्री’ हवाई रुग्णवाहिका सुरू केली. १७ मे २०२५ रोजी ऋषिकेशचे हेलिकॉप्टर केदारनाथला रुग्ण आणायला गेले असता उतरताना त्याची शेपटी तुटली. आतले सगळे बचावले. सेवा कितीही चांगली असली, तरी तिची परीक्षा उतरण्याच्या जागेवरच होते, हे या घटनेने दाखवून दिले.

जमीन की गच्ची

नियोजनातला पहिला प्रश्न असा की गच्चीच कशाला. आवारात मोकळी जागा असेल तर जमिनीवरचा हेलिपोर्ट स्वस्त पडतो, आग विझवणे सोपे जाते आणि मोठे हेलिकॉप्टरही उतरू शकते. पण शहरातल्या रुग्णालयांत मोकळी जागा हळूहळू वाहनतळ, औषधांची दुकाने, नातेवाइकांची गर्दी आणि नव्या वॉर्डांनी भरते. आज मोकळे असलेले मैदान दहा वर्षांनी तसेच राहील याची खात्री कोणी देत नाही. शिवाय मैदानातून अपघात विभागापर्यंत पाचशे मीटर अंतर असेल तर पुन्हा रुग्णवाहिका आलीच.

गच्चीचे गुण तीन. ती अडथळ्यांच्या वर असते, लोकांच्या वावरापासून दूर असते आणि लिफ्टने थेट रुग्णालयाला जोडलेली असते. तिच्या बदल्यात खर्च, वजन, वारा आणि आग यांची चोख व्यवस्था करावी लागते. वाशिमसारख्या जिल्ह्यात, जिथे आवार मोठे मिळू शकते, तिथे राखीव कुंपणाचा जमिनीवरचा हेलिपोर्ट बहुधा शहाणपणाचा ठरेल. नागपूर, पुणे, मुंबईच्या जुन्या दाट वस्तीतल्या रुग्णालयांना गच्चीवाचून पर्याय उरत नाही. वाशिम, बुलढाणा आणि अमरावती यांच्यासह राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. अशा संस्थांच्या कायमच्या इमारतींचे नकाशे आखतानाच हा निर्णय घ्यायला हवा. आज गच्ची नको असे ठरले, तरी एका इमारतीचे कॉलम आणि लिफ्टचा कूपक उद्याचा विचार करून ठेवता येतात. नंतर ही सोय करायची म्हटले, तर रुग्णांनी भरलेल्या इमारतीत लोखंड घालत बसावे लागते.

आकार: एक अक्षर आणि त्यावरचे गणित

हेलिपोर्टचे सारे माप ‘डी’ या एका अक्षरावर चालते. पाती फिरत असताना हेलिकॉप्टरची पुढच्या पात्याच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची एकूण लांबी म्हणजे डी. रुग्णसेवेत जगभर वापरल्या जाणाऱ्या एअरबस एच-१४५ची डी सुमारे १३.६ मीटर आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ध्रुवची १५.९ मीटर, एडब्ल्यू-१३९ची १६.७ मीटर आणि हवाई दलाच्या एमआय-१७ची २५ मीटरहून थोडी जास्त.

हेलिकॉप्टर अखेरच्या क्षणी जिथे येऊन तरंगते आणि जिथून उचलते, ती जागा डीच्या दीडपट ठेवणे हा सर्वसाधारण हिशेब. एच-१४५साठी ती साडेवीस मीटरची होते आणि ध्रुवसाठी जवळजवळ २४ मीटरची. तिच्याभोवती सुरक्षापट्टी लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या मानकांनुसार ही पट्टी किमान ३ मीटर किंवा डीचा पाव भाग, यांपैकी जे जास्त असेल तितकी हवी. म्हणजे एच-१४५साठीसुद्धा अडथळा नसलेले सुमारे २७ मीटरचे वर्तुळ लागते. गच्ची तेवढी नसेल तर चौथरा बाहेर काढावा लागतो.

म्हणून नियोजनात आधी ‘रचनेचे हेलिकॉप्टर’ निवडतात, म्हणजे भविष्यात येऊ शकणारे सर्वांत मोठे आणि जड हेलिकॉप्टर. इथे मोह आवरावा लागतो. पुरात किंवा चकमकीत एमआय-१७ येते म्हणून गच्ची त्याच्या मापाची करायची ठरवली, तर ३८ मीटरचा चौथरा आणि १३ टनांचे वजन पेलावे लागते. ते काम जमिनीवरच्या मैदानाचे आहे. गच्ची रुग्णवाहू हेलिकॉप्टरची.

चौथऱ्यावरच्या खुणा याच गणितातून येतात. रुग्णालयाच्या हेलिपोर्टवर पांढरा क्रॉस आणि त्यात लाल एच असतो. एच ज्या दिशेला उभा, ती येण्याची पसंतीची दिशा. त्याशेजारी डीचे माप आणि टनांत कमाल वजन लिहिलेले असते. अनोळखी वैमानिकाला वरूनच कळावे की या गच्चीची ताकद किती.

भार: पावणेचार टनांचे बारा टन

हेलिकॉप्टर गच्चीवर उभे असताना त्याचे जेवढे वजन पडते, तेवढेच धरून स्लॅब आखला तर ती घोडचूक ठरेल. उतरताना ते आदळू शकते. एक इंजिन बंद पडून जोरात खाली आले तर आघात आणखी वाढतो. आयकाओच्या मार्गदर्शक पद्धतीत नेहमीच्या जड उतरण्यासाठी कमाल वजनाच्या दीडपट आणि आणीबाणीच्या उतरण्यासाठी अडीचपट भार धरतात. त्यावर स्लॅब स्वतः थरथरतो म्हणून सुमारे १.३ने गुणतात.

एच-१४५चे कमाल वजन ३,७०० किलो धरले, तर अडीचपट म्हणजे ९,२५० किलो आणि १.३ने गुणल्यावर १२ टन. हा बारा टनांचा आघात दोन स्किडखालच्या, म्हणजे हेलिकॉप्टर ज्यांवर टेकते त्या लांब दांड्यांखालच्या, अरुंद पट्ट्यांतून स्लॅबमध्ये उतरतो. त्याशिवाय आडवा धक्का, माणसे आणि सामान यांचे वजन, वारा, भूकंप आणि चौथऱ्याचे स्वतःचे वजन. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी आरसीसी स्लॅबऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा हलका चौथरा लोखंडी सांगाड्यावर उभारतात. तो कारखान्यात तयार होतो, गंजत नाही आणि पायावरचा बोजा कमी करतो. जुन्या इमारतीवर हेलिपोर्ट चढवायचा तर सांगाड्याचे पाय इमारतीच्या कॉलमच्या डोक्यावरच येतात ना, हे आधी तपासावे लागते. कॉलम जुळत नसतील तर मध्ये जाड गर्डर घालून भार वळवावा लागतो, आणि तिथून खर्च वाढत जातो.

चौथऱ्याच्या कडेला कठडा चालत नाही. हेलिकॉप्टरची शेपटी त्यावर आदळेल. त्याऐवजी कडेच्या खालच्या पातळीवर, बाहेरच्या बाजूला किमान दीड मीटर रुंदीची जाळी असते. ती वर डोकावत नाही, पण तोल गेलेल्या माणसाला झेलते. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या, म्हणजे एफएएच्या मानकात या जाळीने दर चौरस मीटरला सुमारे १२२ किलो पेलावे असे म्हटले आहे.

वारा आणि पंख्याचा झोत

इमारतीवर आदळणारा वारा वर चढतो आणि गच्चीच्या काठाला घुसळतो. चौथरा थेट गच्चीवर टेकवला तर हेलिकॉप्टर नेमके त्याच घुसळणीत उतरते. म्हणून चौथरा साधारण ३ मीटर किंवा त्याहून उंच उचलून खाली मोकळी पोकळी ठेवतात. वारा त्या पोकळीतून निघून जातो. नंतर कोणी ती पोकळी पाण्याच्या टाक्या, एसीची यंत्रे किंवा जुन्या खाटांनी भरली, तर सगळा फायदा संपतो. आपल्याकडच्या गच्च्यांचा स्वभाव पाहता हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

हेलिकॉप्टर स्वतःचा वाराही घेऊन येते. ते हवा खाली ढकलूनच तरंगते, आणि जितके जड तितका झोत जोरदार. ४ मार्च २०२२ रोजी इंग्लंडमध्ये प्लिमथच्या डेरिफर्ड रुग्णालयात तटरक्षक दलाचे जवळजवळ १२ टन कमाल वजनाचे एस-९२ हेलिकॉप्टर जमिनीवरच्या हेलिपॅडवर उतरत होते. शेजारच्या वाहनतळात चालणारी ८७ वर्षांची एक बाई झोताने पडली आणि डोक्याच्या मारामुळे मरण पावली. आणखी एक महिला गंभीर जखमी झाली. हेलिकॉप्टर नेहमीप्रमाणेच उतरले होते. चूक त्याच्या शेजारी माणसे असण्यात होती. गच्चीवरचा हेलिपोर्ट माणसांपासून उंच असल्याने हा धोका घटतो, पण नाहीसा होत नाही. झोत इमारतीच्या भिंतीवरून खाली सरकतो. प्रवेशद्वारावर उभी माणसे, शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे, पत्रे, सोलर पॅनेल, डिश अँटेना, उघड्या खिडक्या यांचा विचार नकाशावरच करावा लागतो.

हवेतली वाट

हेलिकॉप्टर सरळ उभे खाली येते, हा बाहेरच्यांचा समज. प्रत्यक्षात ते तिरप्या वाटेने येते आणि तिरप्या वाटेनेच निघते, म्हणजे एक इंजिन गेले तरी वेग हाताशी राहतो. दाट वस्तीवरच्या गच्चीसाठी दोन इंजिनांची हेलिकॉप्टरे आणि एक इंजिन बंद पडल्यावरही सुरक्षित उतरण्याची किंवा निघून जाण्याची क्षमता अपेक्षित असते, ती यासाठीच.

एफएएच्या पद्धतीत ही वाट आठास एक उताराची धरतात. चौथऱ्यापासून ४०० मीटरवर असलेला अडथळा चौथऱ्याच्या पातळीपेक्षा ५० मीटरहून उंच नको. वारा फिरला तरी एक वाट मोकळी राहावी म्हणून किमान दोन वाटा, एकमेकींपासून शक्य तितक्या विरुद्ध दिशांना. नकाशा आखताना या वाटांवर काही नसते. पुढच्या पाच वर्षांत शेजारी टॉवर उठतो, बांधकामाची क्रेन उभी राहते, मोबाइलचा खांब येतो. म्हणून या वाटांचे संरक्षण शहराच्या विकास नियमांत नोंदले गेले पाहिजे. रुग्णालय एकट्याने ते करू शकत नाही.

तारा हा सर्वांत दगलबाज अडथळा. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन निघालेले सिकोर्स्की हेलिकॉप्टर उड्डाणानंतर तारांत अडकून कोसळले. सुदैवाने आतले सर्वजण वाचले. बारीक तार वैमानिकाला दिसत नाही, त्याला दिसतो तो खांब. गच्चीवर विजेची वाहिनी, वीजरोधक, सीसीटीव्हीची केबल आणि पतंगाचा मांजा यांची पाहणी म्हणूनच दर उतरण्याआधी करतात.

वैशाखातले गणित

विदर्भासाठी उन्हाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंख्याला पकड कमी मिळते आणि इंजिनाचीही ताकद घटते. समुद्रसपाटीपासून ४०० मीटर उंचीवर पारा ४४ अंशांवर गेला, तर हेलिकॉप्टरला ती हवा सुमारे दीड हजार मीटर उंचीवरच्या प्रमाणित हवेसारखी लागते. कारंज्याच्या शेतात उभे असलेले हेलिकॉप्टर मे महिन्याच्या दुपारी जणू महाबळेश्वरहून उंच जागेवरून उडत असते.

याचा परिणाम थेट वजनावर होतो. इंधन कमी भरावे लागते किंवा एखादा माणूस कमी घ्यावा लागतो. म्हणून रचनेचे हेलिकॉप्टर निवडताना माहितीपत्रकातली कमाल वजने पाहून भागत नाही. ४४ अंशांना, त्या उंचीवर, एका इंजिनाने ते किती उचलू शकते, हा तक्ता पाहावा लागतो. दुपारी रंगवलेला चौथरा एवढा तापतो की स्ट्रेचरच्या रबरी चाकांना आणि वाकून काम करणाऱ्या माणसांनाही झळ बसते. पावसाळ्यात तोच चौथरा निसरडा होतो. खडबडीत पृष्ठभाग आणि दोन टक्क्यांपर्यंतचा सौम्य उतार हा दोन्ही ऋतूंवरचा उपाय. उताराची दिशा मात्र लिफ्टच्या आणि जिन्याच्या विरुद्ध हवी, कारण त्या उतारावरून पाण्याबरोबर सांडलेले इंधनही वाहणार असते.

आग

गच्चीवरच्या अपघाताची भीती आगीची, आणि त्यातही इंधनाची. एच-१४५च्या टाकीत नऊशे लिटरच्या आसपास इंधन मावते. खाली शस्त्रक्रिया चालू असताना वर ते पेटले, तर वेळ मिनिटांत मोजावा लागतो. २९ मे २००८ रोजी अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात एका रुग्णालयाच्या गच्चीवर रुग्णवाहू हेलिकॉप्टर कोसळून पेटले. त्यात रुग्ण नव्हते आणि आतले दोघे बाहेर पडू शकले. वरच्या मजल्यांवरच्या रुग्णांना मात्र हलवावे लागले.

आगीशिवायही गच्ची जीव घेऊ शकते. १६ मे १९७७ रोजी न्यूयॉर्कच्या पॅन अ‍ॅम इमारतीच्या माथ्यावर पंखा फिरत असताना हेलिकॉप्टरच्या चाकाचा आधार धातूच्या शिणामुळे तुटला. हेलिकॉप्टर कलंडले. पात्यांनी गच्चीवरचे चौघे मारले आणि पात्याचा तुकडा खाली रस्त्यावर पडून एक वाटसरू गेला. तो हेलिपोर्ट त्यानंतर कायमचा बंद झाला. माणसांनी फिरत्या पंख्याखाली थांबू नये, शेपटीच्या बाजूला कधी जाऊ नये आणि वैमानिकाने खूण केल्याशिवाय पाऊल पुढे टाकू नये, हे नियम अशा घटनांतून घट्ट झाले.

आग विझवण्यासाठी फेस वापरतात. तो इंधनावर पसरून हवा तोडतो. आयकाओच्या दीर्घकाळ वापरात असलेल्या तक्त्यानुसार १५ मीटरपेक्षा लहान हेलिकॉप्टरसाठी गच्चीवर २,५०० लिटर पाणी आणि मिनिटाला २५० लिटरचा मारा, तर १५ ते २४ मीटरच्या गटासाठी दुप्पट. नव्या पद्धतीत चौथऱ्यातच नळ्या बसवतात. एक बटण दाबताच सगळ्या पृष्ठभागावर फेस उसळतो आणि माणसाला आगीजवळ जावे लागत नाही. गच्चीवर इंधन साठवत नाहीत. एकमेकांपासून दूर असलेले किमान दोन जिने हवेत, म्हणजे एक आगीमागे गेला तरी दुसरा मोकळा राहतो. सांडलेले इंधन पावसाच्या पाण्याच्या नळात न जाता वेगळ्या टाकीत जावे, ही तजवीजही हवी. नाहीतर ते थेट तळमजल्यावरच्या गटारात उतरते.

शेवटचे ऐंशी मीटर

हेलिकॉप्टरचा पंखा मंदावला की दार उघडते. दोन माणसे वाकून धावतात, स्ट्रेचर ओढले जाते, त्याची पुढची चाके चौथऱ्याच्या कडेच्या पन्हळीवरून गचकतात आणि सलाइनची बाटली हेलकावते. गच्चीची रचना करणाऱ्याने जे काही कागदावर मांडले, त्याची खरी तपासणी या एका गचक्यात होते. पन्हळीवर सपाट झाकण हवे होते. पायऱ्यांऐवजी सौम्य उताराचा रॅम्प हवा होता. लिफ्टच्या दाराची रुंदी स्ट्रेचर, व्हेंटिलेटर, दोन डॉक्टर आणि एक नर्स एकदम जाईल इतकी हवी होती.

२०२०च्या नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसमध्ये प्रत्यारोपणासाठी हृदय घेऊन आलेले हेलिकॉप्टर रुग्णालयाच्या गच्चीवर आडवे झाले. अग्निशमन दलाने हृदयाची पेटी बाहेर काढून कर्मचाऱ्याच्या हाती दिली आणि तो दोन पावलांवरच अडखळून पडला. हृदय तरीही वापरता आले. गच्चीवर पायाखाली काय येते, हा रचनेचाच भाग आहे, एवढे त्यातून कळते.

लिफ्ट हेलिपोर्टची स्वतःची हवी, किंवा निदान हेलिकॉप्टर येण्याची वर्दी मिळताच किल्लीने राखून ठेवता येणारी. तिला जनरेटरची जोड हवी. ती थेट अपघात विभागात, शस्त्रक्रियागृहात आणि अतिदक्षता कक्षात थांबली पाहिजे. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीतून वाट काढत जाणारे स्ट्रेचर हेलिकॉप्टरने वाचवलेली मिनिटे परत देऊन टाकते.

खालच्या मजल्यांचे सुख

गच्चीखाली रुग्णालय चालू असते, हे विसरून चालत नाही. हेलिकॉप्टरचा धूर शस्त्रक्रियागृहाच्या हवा खेचणाऱ्या यंत्रात गेला तर खाली सगळीकडे रॉकेलचा वास पसरतो. म्हणून हवेची तोंडे चौथऱ्यापासून दूर, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवतात. तिथे कार्बनचे गाळण बसवतात किंवा उतरण्याच्या काळात झडपा बंद करतात. नवजात अतिदक्षता कक्ष आणि मनोरुग्ण विभाग थेट चौथऱ्याखाली ठेवत नाहीत. काचा जाड लागतात. वरच्या मजल्यावरची कंपने एमआरआयसारख्या नाजूक यंत्रांपर्यंत पोचू नयेत, याची गणितेही आधीच करावी लागतात.

रात्र

समृद्धी महामार्गावरचे दोन मोठे अपघात मध्यरात्रीनंतरचे आहेत. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी वैजापूरजवळ १२ जण दगावले. पहिल्या अपघातात आग इतकी झपाट्याने पसरली की कोणतेही हेलिकॉप्टर उपयोगी पडले नसते. पण रस्त्यावरचे संकट रात्रीही येते, हे या दोन तारखा सांगतात. केवळ दिवसा वापरता येणारी गच्ची अर्धीच उपयोगी.

रात्रीसाठी चौथऱ्याच्या कडेने हिरवे दिवे, पृष्ठभागावर पडणारा आणि वैमानिकाच्या डोळ्यांत न जाणारा प्रकाश, उजळलेला वाऱ्याचा मोजा आणि शेजारच्या उंच वस्तूंवर लाल दिवे लागतात. त्यासोबत रात्रीच्या उड्डाणाचे प्रशिक्षण घेतलेले वैमानिक आणि रात्रपाळीला गच्ची उघडणारा माणूस. शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त, आणि बहुधा तीच चुकते.

परवानगी, देखभाल आणि दुसरे टोक

भारतात हेलिपोर्टची मानके आणि मंजुरी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे आहे. १९३४ च्या विमान कायद्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्याशिवाय जवळ विमानतळ असेल तर हवाई वाहतूक नियंत्रणाशी समन्वय, स्थानिक नियोजन प्राधिकरणाची आणि अग्निशमन दलाची मंजुरी लागते. नागपूरच्या मिहान परिसरात तर विमानतळ शेजारीच आहे.

मंजुरी मिळाल्यावर काम संपत नाही. फेसाच्या टाक्या, दिवे, जाळीची बांधणी आणि वाटांवरचे नवे अडथळे ठरावीक काळाने तपासावे लागतात. गच्चीवरचे सैल सामान उचलावे लागते, घार आणि कबुतरांचा राबता मोडावा लागतो, आणि कर्मचाऱ्यांची तालीम दर काही महिन्यांनी घ्यावी लागते. वापर कमी असेल तर तालीम जास्त हवी, कारण वर्षातून चारदा उतरणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी हात सरावत नाहीत.

आणि नागपूरची गच्ची निर्दोष असली, तरी रुग्णाला उचलायचे दुसरे टोक असतेच. नेत्यांच्या सभेसाठी शाळेच्या मैदानात तात्पुरते हेलिपॅड कसे होते, हे गावोगाव पाहिलेले आहे. सार्वजनिक बांधकाम विभाग जमीन दाबून घेतो, चुन्याचा एच काढतो, टँकरने पाणी मारतो, अग्निशमन बंब उभा राहतो आणि पोलीस दोर बांधून गर्दी थोपवतात. ३ मे २०२४ रोजी रायगडमधील महाडला असेच उतरणारे हेलिकॉप्टर जमिनीजवळ येऊन कोसळले. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात धूळ उठून वैमानिकाला काही दिसेनासे होते आणि पावसाळ्यात स्किड चिखलात रुततात. सभेपुरती केलेली ही तयारी दर वेळी पुसली जाते. धनजसारख्या गावाजवळ, तारांपासून दूर आणि रस्त्याला लागून, सिमेंटचा एक पक्का चौथरा, कुंपण आणि कापडी मोजा एवढे कायमचे ठेवले, तर त्याच खर्चात सभा आणि रुग्ण दोन्हींचे काम भागते. जवळच्या रुग्णालयात स्थिर केलेला रुग्ण तिथूनच पुढे नेता येतो.

नियोजनाचा क्रम त्यामुळे असा ठरतो. आधी रुग्ण कुठून येणार आणि हेलिकॉप्टर कुठे उभे राहणार, हे ठरते. मग त्या उन्हात त्या उंचीवर उडू शकणारे हेलिकॉप्टर निवडले जाते. त्याच्या डीवरून चौथऱ्याचे माप निघते, त्याच्या वजनावरून कॉलम, वाऱ्यावरून दिशा, दिशेवरून हवाई वाटा आणि स्ट्रेचरच्या वाटेवरून लिफ्ट. रंगाचा डबा उघडून एच काढण्याची पाळी या यादीत सर्वांत शेवटची.